न विसरणाऱ्या पेशी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, टॉवर क्रेन चालवायचे. मोठी इमारत उभी राहत असते तेव्हा तिच्या शेजारी लोखंडी जाळीचा उंच खांब असतो, त्याच्या डोक्यावर एक लांबलचक हात गोल फिरत असतो आणि त्या हाताच्या काखेत काचेची एक चिमुकली खोली असते. त्या खोलीत भाऊजी बसायचे. एक खुर्ची, दोन्ही हातांशी दोन दांडे, पायाखाली काच, कानाशी वॉकीटॉकी. साइटवर त्यांना सगळे 'वरचा' म्हणत. सिमेंटची गाडी अडकली, वारा सुटला, साहेबांचं डोकं फिरलं, काहीही झालं की गवंडी आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचे, "आपल्या हातात काय आहे? सगळं वरच्याच्या हातात." आणि वरून भाऊजी काचेतून हात हलवायचे.

वरचा होता म्हणून खालचाही होता. खालचा म्हणजे जमिनीवर उभा राहून इशारे देणारा. क्रेनवाल्याला इमारतीची पलीकडची बाजू दिसत नाही, तिथे खालचा त्याचे डोळे. "येऊ दे, येऊ दे, हळू, अजून हळू, बस." दोघांनी कितीतरी इमारती अशा बोलत-बोलत उभ्या केल्या होत्या. खालचा जाडजूड, एका गुडघ्यानं अधू आणि उंचीला भयंकर घाबरणारा. दुसऱ्या मजल्यावरसुद्धा तो कठड्यापासून चार हात लांब उभा राहायचा. भाऊजी त्याला म्हणायचे, "तुझे पाय जमिनीला चिकटवलेत." तो म्हणायचा, "कोणीतरी राहायला नको का जमिनीवर?"

भाऊजींचं बोलणं कमी आणि हात हलका. काँक्रीटचा तयार जिना, काही टनांचा, ते अंडं ठेवावं तसा ठेवायचे. खाली हात लावून उभ्या असलेल्या माणसाला धक्का कसा तो जाणवायचा नाही. याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण होता.

वर चढायला खांबाच्या आतून शिडी. सकाळी चढायचं, जेवायला उतरायचं, पुन्हा चढायचं, संध्याकाळी उतरायचं. वर संडास नसतो. लघवीचं रिकाम्या बाटलीवर भागतं. दुसऱ्या गोष्टीचं काय करायचं, हे कोणी विचारत नाही, कारण निरोगी पोट मालकाचं ऐकतं.

चाळिशी ओलांडल्यावर भाऊजींच्या पोटानं ऐकायचं सोडलं. आधी नुसतं रक्त दिसलं. मूळव्याध असेल, असं त्यांना वाटलं. बसून काम करणाऱ्याला मूळव्याध म्हणजे नोकरीबरोबर मिळणारी पदवीच. मग जुलाब सुरू झाले. मग नुसती कळ, वरचेवर, आणि जाऊन पाहिलं तर रक्त आणि शेंबडासारखं काहीतरी. ती कळ सांगून येत नसे, आणि आली की थांबत नसे. तुम्ही-आम्ही 'जरा दम धर' म्हणतो, तसा दम धरायची सोयच नाही.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पोटातली गोष्ट पोटातच ठेवली. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून खिशात ठेवायला लागले. कामाच्या दिवशी जेवण बंद केलं. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार, असा त्यांचा साधा हिशेब. डबा तसाच परत आणला तर ताईला कळेल, म्हणून तो साइटवरच्या कुत्र्यांना घालायचे. कुत्री गलेलठ्ठ झाली आणि भाऊजींची पँट कमरेवर राहीना. पण आतड्याची सूज उपाशी माणसालाही सोडत नाही, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

ताई लॉन्ड्रीत कामाला. लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघायचे, हा शाईचा, हा तेलाचा, हा रक्ताचा, आणि कशानं निघेल ते ठरवायचं, हे तिचं काम. अशा बाईपासून डाग लपवायचे म्हणजे भाऊजींना पहाटे उठणं भाग होतं. एक दिवस ती मला म्हणाली, "तुझे भाऊजी हल्ली स्वतःचे कपडे स्वतः धुतात."

"चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"ज्या माणसाला इतक्या वर्षांत साधा चमचा विसळता आला नाही, तो सगळे झोपेत असताना उठून चड्ड्या धुतो. यात चांगलं काय आहे?"

तिला वाटत होतं, बाहेर काहीतरी आहे. मी हसण्यावारी नेलं. पण त्यांचा चेहरा मीही पाहत होतो. गालांची हाडं वर आली होती आणि कुठेही गेलं की ते आधी दार शोधायचे, कसलं ते आम्हाला नंतर समजलं. मी सामान पोचवायची व्हॅन चालवतो. एकदा त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की दिवसभर रस्त्यावर असतोस तर संडासाची सोय कुठे कुठे आहे? मी सांगितलं, अमुक पेट्रोल पंप, तमुक बँकेच्या मागं, फर्निचरच्या दुकानातला म्हातारा नाही म्हणत नाही. ते मान हलवत ऐकत होते. पाठ करत होते, असं आता वाटतं.

मग तो दुपारचा प्रसंग घडला.

वारा वाढत होता आणि इमारतीच्या मधल्या पोकळीत जिना उतरवायचा होता. असा जिना क्रेनला टांगलेला असतो आणि खाली दोन माणसं त्याची टोकं हातानं वळवून जागेवर आणतात. जिना त्यांच्या डोक्यावर आला आणि भाऊजींना कळ आली. दांडा सोडला तर ब्रेक लागतो, माल पडत नाही, तिथेच लटकत राहतो. पण वाऱ्यात लटकणारा जिना, अरुंद पोकळी आणि खाली दोन माणसं. ते सोडून शिडी उतरायला लागणं हा विचार भाऊजींच्या मनात आलासुद्धा नाही. त्यांनी दात आवळले. घामानं दांडा निसटायला लागला. खालचा बोलत होता, "येऊ दे, हळू, अजून थोडं." मध्येच पोटानं हात टेकले. खुर्चीत, कपड्यांत, सगळं. आणि त्यांचे हात चालूच राहिले. "हळू, हळू, बस." जिना बसला. कोणाला धक्का लागला नाही. हुक सुटला.

"एक नंबर," खालचा म्हणाला. "आता पत्र्यांचा गठ्ठा घेऊ."

वरून उत्तर आलं नाही.

"वरचा, ऐकतोयस ना?"

बऱ्याच वेळानं आवाज आला. "आज मी काही उचलणार नाही."

"मग खाली ये."

"खाली येणार नाही."

साहेब धावत आला. काय झालं, छातीत दुखतंय का, ॲम्ब्युलन्स बोलवू का? भाऊजींनी एवढंच सांगितलं, की सगळे घरी गेले की मी उतरेन. साहेब चिडला, मग घाबरला. शेवटी खालच्यानं वॉकीटॉकी त्याच्या हातात दिला, आपल्या लॉकरमधून स्वतःची पँट आणि शर्ट काढला, पाण्याची मोठी बाटली घेतली, सगळं पिशवीत घालून पिशवी पाठीला बांधली आणि शिडीला हात घातला.

लोक अजून त्या चढण्याची गोष्ट सांगतात. प्रत्येक टप्प्यावर तो डोळे मिटून खांबाला मिठी मारायचा आणि शिव्या द्यायचा. खांबाला, गुडघ्याला, बनवणाऱ्याला. पण चढला. केबिनचं दार उघडलं तेव्हा वास आलाच असणार. भाऊजी मान खाली घालून बसले होते.

"हे घे," खालचा म्हणाला. "माझी पँट तुझ्यासारख्या दोघांना पुरेल."

भाऊजींनी पिशवी मांडीवर घेतली.

"किती दिवस झाले?"

"बरेच."

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"मग आज सांगायचं," खालचा म्हणाला. "मी तोंड फिरवून बसतो. तू आवर. पण लवकर आवर, मला खाली बघावं लागतंय."

त्या संध्याकाळी भाऊजींनी ताईला सांगितलं. ती रडली नाही. "मला वाटलं होतं दुसरी बाई आहे," ती म्हणाली, "ती असती तर बरं झालं असतं. तिला मी हाकलली असती."

दुसऱ्या दिवशी माझ्या व्हॅनमधून आम्ही तिघं इस्पितळात गेलो. वाटेत फर्निचरच्या दुकानाशी एकदा थांबावं लागलं. रक्त तपासलं, आत दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा काढून तपासणीला पाठवला. मग पोटाच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं. मध्यम वयाच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या बाई होत्या. मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या होत्या, अखंड, लांबच लांब. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, व्रणयुक्त बृहदांत्रदाह, आणि म्हणाल्या, "नाव विसरलात तरी चालेल, काय चाललंय ते समजून घ्या. तुम्हाला जंतूंची लागण झालेली नाही. बाहेरचा शत्रू कोणी नाहीच."

"मग आत कोण आहे?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्याच पेशी."

त्यांनी कागदावर आतड्याची भिंत काढली. "आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते भाडेकरू समजा. आपलं अन्न पचवायला मदत करतात, आणि शरीरही त्यांना त्रास देत नाही. आता आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक जात असते, मदतनीस टी पेशी. यातल्या बहुतेक स्वतः कोणाला मारत नाहीत. पहारा देणाऱ्या दुसऱ्या पेशी जिवाणूचा एखादा तुकडा आणून यांना दाखवतात. यांनी 'धोका आहे' म्हटलं, की या वाढतात, रसायनं सोडतात आणि मारणाऱ्या पेशींच्या झुंडी बोलावतात. न्यूमोनिया होवो, क्षय होवो, माणूस वाचतो तो यांच्यामुळे. तुमच्या आतड्यात यांनी भाडेकरूंनाच चोर ठरवलंय. झुंडी येतात, मारामारी होते, आणि त्यात घराच्याच भिंती पडतात. तुम्हाला दिसतं ते त्या भिंतींचं रक्त."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," ताई म्हणाली.

"तसंच. यांच्यातच काही आवरणाऱ्याही असतात. भांडण पेटलं की 'पुरे आता' म्हणणाऱ्या. तुमच्यात त्यांचं कोणी ऐकत नाही."

"का?"

"पूर्णपणे कोणालाच माहीत नाही. थोडं वंशातून येतं, थोडं त्या जिवाणूंचं, थोडं आणखी कशाकशाचं. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून झालेलं नाही, एवढं नक्की."

भाऊजी कागदाकडे बघत होते. "म्हणजे त्या स्वतः माल उचलत नाहीत," ते म्हणाले. "इशारा देतात."

"हो."

"मग काढूनच टाका ना त्यांना," ताई म्हणाली.

"त्या गेल्या तर किरकोळ आजारही माणसाला नेतो. एड्सचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो."

"मग बरं कधी वाटेल?" भाऊजींनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. "या पेशींना एकदा धडा मिळाला, की त्यातल्या काही तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. लस म्हणूनच उपयोगी पडते. तुमच्यात चुकीचा धडा लक्षात राहिलाय. आम्ही त्यांना शांत करू शकतो, झोपवू शकतो. विसरायला लावायचं औषध अजून नाही."

 परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा भाऊजी एकदाच म्हणाले, "चुकीचा धडा," आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पहिल्यांदा स्टिरॉइड दिलं. ते सगळ्याच पेशींच्या तोंडावर हात ठेवतं, चांगल्या आणि वाईट. जादू झाल्यासारखं रक्त थांबलं. भाऊजींचा चेहरा गोल गरगरीत झाला, भूक सुटली, झोप गेली, आणि ज्या माणसाचा आवाज कधी चढत नसे तो स्वतःच्या पोरीवर ओरडायला लागला. पोर तेव्हा कॉलेजात होती. एकदा तिच्या हातून चहा सांडल्यावर हे इतके ओरडले, की नंतर बाथरूममध्ये जाऊन स्वतःच रडले. गोळ्या कमी करायला लागले आणि रक्त परत आलं. वाढवल्या, थांबलं. पुन्हा कमी केल्या, पुन्हा आलं. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून आगीत.

मग शिरेतून सोडायचं औषध आलं. मदतनीस पेशी आणि त्यांचे सोबती जी रसायनं सोडतात, त्यातलं एक मुख्य रसायन ते औषध अडवतं. म्हणजे ओरडणाऱ्याचा आवाज पोचूच द्यायचा नाही. ते लागू पडलं. खरंच पडलं. भाऊजी परत शिडी चढले. खालचा खालून म्हणाला, "वरच्याची कृपा झाली," आणि सगळ्या साइटनं टाळ्या वाजवल्या. डबा आता कुत्र्यांऐवजी त्यांच्या पोटात जायला लागला. ताई लॉन्ड्रीत गुणगुणते, असं तिची मालकीण मला म्हणाली.

हे सुख वर्षभरही टिकलं नाही. औषध तेच, वेळेवर घेतलेलं, आणि तरी कळ परत आली. तपासणी केली तर त्यांच्या शरीरानं त्या औषधाविरुद्धच शस्त्रं बनवली होती. औषध शिरेत शिरलं की निकामी होत होतं. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा भाऊजी हसले. मला ते हसणं ऐकवलं नाही. "म्हणजे मदतीला आलेल्यालाही चोर ठरवलं," ते म्हणाले.

या खेपेला ते केबिनमध्ये गेलेच नाहीत. साहेबानं दुसरा माणूस बसवला होता. साहेब वाईट नव्हता. इमारत कोणाच्या आतड्यासाठी थांबत नाही. भाऊजी घरी बसले. घर म्हणजे दोन खोल्या, एक संडास. पोर कॉलेजला आणि ताई कामाला निघायच्या घाईत असायच्या आणि भाऊजी आत कडी लावून बसलेले. दोघी बाहेर काही न बोलता उभ्या राहायच्या. ते न बोलणं भाऊजींना आतून ऐकू यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आजारी माणसाला निदान कण्हता तरी येतं. यांना भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसाठी नळ सोडून ठेवावा लागायचा.

नातेवाईक फोन करायचे. कोणी म्हणे दूध सोडा, कोणी म्हणे फक्त दूधच घ्या. कोणी म्हणे टेन्शन घेऊ नका. भाऊजी सगळ्यांना "बरं" म्हणायचे. पोरीच्या कॉलेजात तिला बक्षीस मिळणार होतं, त्या कार्यक्रमाला ते कपडे घालून तयार झाले, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. पोर म्हणाली, "असू दे बाबा, फोटो दाखवते." रात्रीच्या जेवणाला तिनं फोटो दाखवले. त्यांनी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला.

तिसरं औषध वेगळ्या रीतीचं होतं. मदतनीस पेशी रक्तातून आतड्यात शिरतात त्यासाठी त्यांच्या अंगावर एक खूण असते, आणि आतड्यातल्या रक्तवाहिन्यांवर त्या खुणेला बसणारी कडी असते. हे औषध खुणेवर टोपण घालतं. पेशी फिरत राहते, पण आतड्याचं दार तिला उघडत नाही. "हे सौम्य आहे, पण सावकाश काम करतं," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "ज्या आत जाऊन बसल्यात त्यांना हे बाहेर काढत नाही. नव्या येणं थांबतं, मग जुन्या हळूहळू ओसरतात. धीर धरावा लागेल."

धीर धरायला माणसात जीव लागतो. औषधाचे दोन डोस झाले आणि भाऊजींना ताप भरला. पोट फुगलं, टणक झालं. ताईनं मला फोन केला. मी व्हॅनमधलं सामान फुटपाथवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे टाकलं आणि निघालो. इस्पितळात शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं, खाणं बंद केलं. रोज पोटाचा एक्स-रे काढायचे आणि रोज आतडं जास्त फुगलेलं दिसायचं. मग शल्यचिकित्सक आला, पोटाला हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "मोठं आतडं काढावं लागेल. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून बाहेर पिशवी लावू."

"नाही," भाऊजी म्हणाले.

"आतडं फुटलं तर हातात काही राहणार नाही."

"नवीन औषध अजून लागू पडायचंय. तुम्हीच म्हणालात, सावकाश लागू पडतं."

डॉक्टरबाई पलंगाशी उभ्या होत्या. "म्हणाले होते. पण तेवढा वेळ तुमच्या आतड्यापाशी नाही."

भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं. ताई सही करून घ्यायला पलीकडच्या बाजूनं गेली, तर त्यांनी डोळे मिटले. तिला त्यांनी बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं. खोलीत आम्ही दोघंच. सलाईनच्या बाटलीतून थेंब पडत होते.

"त्या दिवशी शिडी उतरताना हात सोडला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

 मी त्यांचा हात धरून ठेवला. हात नुसता हाडांचा होता. थोड्या वेळानं बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. चहाडी केल्यासारखं वाटलं, पण सांगितलं. त्या हातातलं काम सोडून आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि बराच वेळ त्यांच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. या आजारात पुष्कळांच्या मनात हे येतं, म्हणाल्या, आणि ते बोलून दाखवायचं असतं. भाऊजींनी ऐकलं, पण सहीला हात पुढे केला नाही.

सही ताईनं करून घेतली. ती आत आली, पदर-बिदर काही डोळ्यांना लावला नाही, सरळ त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"पिशवी नको, कारण मला किळस येईल. हेच ना?"

त्यांनी नजर वळवली.

"आयुष्यभर परक्यांचे डाग काढलेत मी. कोणाचं काय, कोणाचं काय. त्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. आणि तुमची किळस येईल मला?"

"तुला नाही," ते म्हणाले. "मला येईल."

"येऊ दे. मेलात तर तीही येणार नाही, दुसरंही काही येणार नाही. सही करा."

त्यांनी सही केली. अक्षर इतकं वाकडं झालं, की परिचारिकेनं खाली नाव लिहून घेतलं.

आतडं निघालं. शल्यचिकित्सक नंतर म्हणाला, की ओल्या कागदासारखं झालं होतं, हातात येईना. भाऊजी वाचले. पण गोष्टीत असतं तसं डोळे उघडून हसले वगैरे काही नाही. पोटावरचा तो लाल ओला गोळा पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांनी चादर डोक्यावरून घेतली. घरी आल्यावर पिशवी गळायची. ते जमिनीवर वेगळं अंथरूण घालायचे, आणि ताई आपली उशी उचलून तिथे जाऊन झोपायची. खालचा यायचा आणि साइटवरच्या बातम्या सांगायचा. नवा वरचा माल आपटतो, म्हणायचा. ते खरं होतं की त्यांच्यासाठी बनवलेलं, ते मला माहीत नाही.

महिन्यांमागून महिने गेले, वजन भरलं, पिशवी बदलायचा हात बसला. पण टॉवर क्रेनवर चढायला कंपनीच्या डॉक्टरनं परवानगी दिली नाही. भाऊजी त्याच्याशी भांडले नाहीत. आता ते लोखंडाच्या गोदामात काम करतात. छताला रुळांवर चालणारी क्रेन आहे, ती जमिनीवर उभं राहून, हातात बटणांचा डबा धरून चालवायची. संडास अगदी बाजूला आहे. पहिल्या दिवशी घरी येऊन ते ताईला म्हणाले, "गरज होती तेव्हा शिडीखाली होता. आता शेजारी आहे तर मला घाईच नाही." लग्नानंतरचा त्यांचा हा बहुधा सर्वांत लांब विनोद.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

परीक्षेच्या दिवसांत पोरीचं पोट बिघडलं. दोन दिवस, तीन दिवस. ती म्हणाली, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. भाऊजींचं तोंड पांढरं पडलं. 'थोडं वंशातून येतं' हे डॉक्टरबाईंचं वाक्य त्यांच्या मनात कुठेतरी रुतून बसलं होतं. त्यांनी त्याच दिवशी रजा टाकली आणि तिला घेऊन गेले. माझ्याच व्हॅनमधून नेताना मला हळूच म्हणाले, "माझ्याकडून तिला एवढंच मिळालं तर?"

डॉक्टरबाईंनी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं, रक्त आणि शौच तपासायला पाठवलं. आतड्यात सूज असेल तर शौचात एक पदार्थ वाढलेला सापडतो, तो पाहायचा होता. निकाल येईपर्यंत भाऊजी जेवले नाहीत. या वेळी डबा कुत्र्यांनाही घातला नाही, तसाच परत आणला.

निकाल चांगला आला. सूज नव्हती. परीक्षेची धास्ती आणि बाहेरचं खाणं, दुसरं काही नाही.

"आज नाही," भाऊजी म्हणाले. "म्हणजे कधीच नाही का?"

"बापाला आहे म्हणून मुलीला होतंच, असं नाही. बहुतेकांना होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण कधीच होणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. कोणीच देऊ शकत नाही."

त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं, मला वाटतं.

त्यानंतर घरात एक नवीन खुर्ची आली, संडासाच्या दारासमोर. भाऊजी तिथे वर्तमानपत्र घेऊन बसायला लागले. पोर आत गेली की पान उलटायचं थांबायचं. किती वेळ लागतो, नळ किती वेळ चालतो, पुन्हा जाते का. काही दिवस तिनं सहन केलं. मग एक दिवस दार उघडून ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, दारावर बसू नका."

"मी वाचतोय."

"बाबा."

त्यांनी खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. ताईनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं. ते जेवायला लागले. भिंतीपलीकडे नळ सुरू झाला तसा त्यांचा घास हातातच राहिला. नळ बंद झाला, कडी वाजली, पोरीची चप्पल बाहेरच्या खोलीकडे गेली. मग त्यांनी तो घास तोंडात घातला.